दुसऱ्या क्रमांकाचं फावडं

सगळा घोटाळा सातव्या रकान्यानं केला. सहाव्या रकान्यापर्यंत मी एक निरुपद्रवी, पगारी माणूस होते.

हॅल्वर शहराच्या पर्यटन कचेरीत मी जूनपासून नोकरीला आहे. बाहेरून येणाऱ्याला 'हॅल्वरमध्ये काय पाहावं' हे सांगायचं, एवढंच काम. आमच्या पुस्तिकेत एकोणीस ठिकाणं आहेत. त्यांपैकी अकरा ठिकाणी हॅल्वरचा माणूस शाळेच्या सहलीनंतर पुन्हा गेलेला नाही. पिठाच्या गिरणीचं संग्रहालय आहे, ते फक्त गुरुवारी दुपारी उघडतं आणि आत गेल्यावर बाहेर येईपर्यंत अंगावर पीठ असतं. नदीकाठचं कारंजं आहे, ते वर्षातले नऊ महिने गोठू नये म्हणून बंद असतं आणि उरलेले तीन महिने दुरुस्तीसाठी. पण गाडी थांबवून बघावं असं ठिकाण एकच: जगातलं सर्वात मोठं, बर्फ उपसायचं फावडं.

आमच्या गावात पूर्वी फावड्यांचा कारखाना होता. तो बंद पडला, फावडं राहिलं. दांडा वर आणि पातं खाली असं ते चौथऱ्यावर उभं आहे. सगळं पोलादी, पण दांडा लाकडासारखा रंगवलेला. महामार्गावर त्याच्या नावाची तपकिरी पाटी आहे आणि दर दहा वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. त्याचा फॉर्म माझे साहेब गॉर्डन पेल यांनी एका मंगळवारी माझ्या टेबलावर ठेवला.

"दहा मिनिटांचं काम आहे, ब्रिटा," ते म्हणाले.

सातवा रकाना होता: 'वस्तूची उंची. मोजणाऱ्याचं नाव व सही.' जुन्या फायलीत तीन फॉर्म होते. तिन्हींवर बावन्न फूट. शेवटच्यावर खुद्द गॉर्डनची सही.

"तुम्ही मोजलं होतं?" मी विचारलं.

"मी मागच्या फॉर्मवर बघून लिहिलं."

"आणि मागच्या माणसानं?"

"त्यानंही तसंच केलं असणार. फार सज्जन माणूस होता."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी भूशास्त्राची पदवीधर. न मोजलेला आकडा म्हणजे अफवा, हे मला चार वर्षं कर्ज काढून शिकवलेलं. शिवाय कोन मोजायचं माझं स्वतःचं यंत्र पदवी मिळाल्यापासून कपाटात पडून होतं, आणि त्याची मला दया येत होती. दुपारी मी ते खांद्यावर टाकून फावड्याकडे गेले.

फावड्याच्या पायथ्याशी डॅग्नी टोलेफसन यांची पत्र्याची टपरी आहे. टोलेफसनबाईंचं वय एकाहत्तर. त्या वीतभर लांबीची लाकडी फावडी, चित्रांची कार्डं आणि कॉफी विकतात. दर वसंतात शिडी लावून पात्याला रंगही त्याच देतात, कारण महापालिकेनं दिलेला रंग त्यांना फिका वाटतो. त्यांनी मला कॉफी दिली आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

"कशाला मोजतेस गं?"

"फॉर्मवर लिहायला."

"बावन्न आहे की," त्या म्हणाल्या, आणि टोक आणखी घट्ट धरलं.

मी यंत्रानं मोजलं. मग सावलीवरून मोजलं. मग जागा बदलून पुन्हा यंत्रानं मोजलं. एकोणपन्नास फूट सात इंच, चूक झालीच तर अर्ध्या इंचाची. उरलेले दोन फूट पाच इंच चौथऱ्याचे होते. कोणीतरी कधीतरी चौथऱ्यासकट मोजलं होतं, आणि तेवढी वर्षं आम्ही एका सिमेंटच्या ठोकळ्याचा अभिमान बाळगत होतो.

हेही खपून गेलं असतं. पण आठवा रकाना विचारत होता: 'अशी दुसरी वस्तू अस्तित्वात आहे काय? असल्यास तिची उंची.' मी शोधलं. शेजारच्या राज्यात, एकशे चाळीस मैलांवर, केटल बेंड नावाच्या गावात एक फावडं होतं. एका जुन्या बातमीत त्याची उंची दिली होती: 'पन्नासच्या आसपास'.

मी ही गोष्ट फक्त आईला सांगितली.

आमच्याकडे कोणी कोणावर रागावत नाही, हे इथं सांगायला हवं. आम्ही रागावत नाही, हॉटडिश नेऊन देतो. खाली खिमा, मध्ये मशरूमचं दाट सार, वर बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी, असं भरलेलं काचेचं भांडं माणूस तुमच्या दारात घेऊन येतो, हवेविषयी बोलतो आणि जातो. मयताला एक येतं, घर जळालं तर तीन. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आमच्याकडे पाच आली.

"काय केलंस गं तू हे?" आई फ्रीजचं दार गुडघ्यानं दाबत म्हणाली. "माझं पित्ताशय काढलं तेव्हा दोनच आली होती."

"मी फक्त मोजलं."

"मोजायला कोणी सांगितलं होतं? बावन्न लिही आणि मोकळी हो. राज्याचा माणूस काय शिडी घेऊन येणार आहे?"

"आई, खाली माझी सही आहे."

"तुझी सही कोणाला वाचता येते?"

शेजारचे कोवाल्के हे निवृत्त वेल्डर. ते कुंपणावरून वाकले. "ब्रिटा, मी ऐकलं. वेगळंच काम केलंस हं तू."

'वेगळंच' ही आमच्या भागातली सर्वात जहाल शिवी आहे. मला ती यापूर्वी एकदाच मिळाली होती, मी लग्नाच्या पंगतीत हिरव्या जेलीला नको म्हटलं तेव्हा.

"मी काय म्हणतो," कोवाल्के म्हणाले, "फावडं उभं कशावर आहे? चौथऱ्यावर. चौथरा काढला तर?"

"पडेल."

"म्हणजे चौथऱ्याशिवाय ते फावडंच नाही. पडलेली पट्टी आहे. चौथरा धर!"

"केटल बेंडचाही चौथरा असेल. मग तोही धरावा लागेल."

कोवाल्क्यांनी मान हलवली. "तुझं हेच चुकतं," ते म्हणाले. "तू दोन्ही बाजूंनी विचार करतेस."

मी केटल बेंडला फोन लावला. तिथल्या फावड्याची देखभाल करणारे आर्लो व्हॅनडाल फोनवर आले. आवाज म्हातारा, मऊ, कोणाचीही गैरसोय होऊ नये अशा बेतानं निघणारा.

"आमच्या फावड्याची उंची? अहो, आमचं कसलं फावडं! तुमच्यासमोर ते म्हणजे चमचा."

"पण अंदाजे किती फूट?"

"तुमच्याइतकं नक्कीच नाही."

"आमचं एकोणपन्नास फूट सात इंच आहे."

"अरेरे," आर्लो म्हणाले. आणि मग घाईघाईनं, "म्हणजे, छान आहे की! हवा कशी आहे तिकडे?"

आकडा काही निघेना. शेवटी शनिवारी कोवाल्क्यांच्या पिकअपमधून कोवाल्के, टोलेफसनबाई आणि मी निघालो. पर्यटक म्हणून जायचं, गुपचूप मोजायचं आणि परत यायचं, असा बेत. बेत कोवाल्क्यांचा. त्यासाठी ते फुलाफुलांचा सदरा घालून आले होते.

केटल बेंडच्या पाटीवर लिहिलं होतं: 'बऱ्यापैकी मोठं फावडं'. मी खाली उतरून तिपाई मांडते न मांडते तोच टोपी घातलेले एक गृहस्थ चालत आले.

"पक्षी बघायला आलात?" त्यांनी तिपाईकडे पाहून विचारलं.

"हो," कोवाल्के म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "मी ब्रिटा सँडविक. फोन केला होता."

कोवाल्क्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की परत जाताना मला मागच्या उघड्या भागात बसवतील असं वाटलं. पण आर्लोंचा चेहरा उजळला. इतक्या लांबून आलात, आधी कळवलं असतं तर, बायकोनं सकाळीच सफरचंदाचा अ‍ॅपल पाय भाजलाय, काही खास नाही. मग त्यांनी स्वतः टेपचं टोक धरलं, मी सांगीन तसे डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. मी दोनदा मोजलं.

"किती?" टोलेफसनबाईंनी विचारलं.

"बरोबर पन्नास."

आर्लोंनी टोपी काढली. "माफ करा हं," ते म्हणाले. "आम्हाला खरंच कल्पना नव्हती."

"अहो, माफी कसली! सुरेख आहे," टोलेफसनबाई म्हणाल्या.

"छे, जरा जास्तच झालंय. ज्यानं केलं तो उत्साही होता. त्याचं नेहमीच असं व्हायचं. त्याच्या घराचं छप्परसुद्धा..."

"रंगही छान."

"रंग तुमचा छान असतो असं ऐकलंय."

असा अर्धा तास गेला. मग तो अ‍ॅपल पाय आला. सहा तुकडे आणि पाच माणसं, त्यामुळे शेवटी एक तुकडा उरला आणि तो कोणी घेईना. टोलेफसनबाईंनी त्याचा अर्धा केला, आर्लोंच्या बायकोनं पाव केला, कोवाल्क्यांनी पावाचा अर्धा. मी निघाले तेव्हा बशीत मूळ तुकड्याचा आठवा भाग होता आणि त्याच्याकडे सगळे आदरानं बघत होते. साडेतीनला आम्ही "चला, निघतो" म्हणालो. पाचला गाडी सुरू झाली, आणि आर्लो पिकअपच्या खिडकीत हात ठेवून आणखी वीस मिनिटं बोलले.

परतीच्या वाटेवर चाळीस मैल गेले.

"चांगलं आहे हं त्यांचं," टोलेफसनबाई मग म्हणाल्या.

आणखी दहा मैल गेले.

"आमची मुलगी कॅरन म्हणत असते, फिनिक्सला तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. तिथं बर्फ पडत नाही म्हणे. कधीच." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "महामार्गावरून वळून दुसऱ्या नंबरचं फावडं बघायला कोण येणार गं? मी तरी आले असते का? पण मला काय, कुठंही चालेल. माझं काही नाही."

आमच्याकडे 'माझं काही नाही' असं माणूस म्हणाला, की डॉक्टरला बोलवायची वेळ आलेली असते. टोलेफसनबाईंना फावड्याखाली उभं राहून अनोळखी माणसांना कॉफी द्यायला मिळालं नाही, तर त्या वाळवंटातल्या त्या खोलीत सहा महिने टिकणार नाहीत, हे मला इंचांत मोजता आलं नाही तरी कळलं. आणि हे मी केलं होतं. एका यंत्राची दया येऊन.

पाच इंच. आठवडाभर मी पाच इंच शोधत होते. उन्हात पोलाद प्रसरण पावतं, म्हणून गणित मांडून पाहिलं. फावडं पाच इंच वाढायला तापमान सातशे अंश सेल्सिअसनं वाढावं लागतं. त्या तापमानाला फावडं मोठं होईल, पण कार्डं विकता येणार नाहीत.

"गणित कसलं करतेस?" कोवाल्के म्हणाले. "टोकाला सहा इंचांचा गोळा वेल्ड करतो. एका दुपारचं काम. काही दांड्यांना असतो गोळा."

"कुठल्या दांड्यांना?"

"असतो गं! तू सगळे दांडे पाहिलेत का?"

मी महापालिकेच्या बांधकाम परवाना खिडकीवर गेले. खिडकीत मिस प्रुइट होत्या. गळ्यात चष्मा, समोर तीन रंगांचे फॉर्म.

"ही इमारत आहे, फलक आहे की अवजार?" त्यांनी विचारलं.

"अवजार."

"अवजाराला परवाना लागत नाही." मला हायसं वाटलं. "पण ते जमिनीत पक्कं बसवलंय का?"

"चौथऱ्यात."

"मग इमारत." त्यांनी पिवळा फॉर्म ओढला. "मजले किती?"

"फावड्याला मजले नसतात."

"शून्य लिहिता येत नाही. एक लिहा. स्वच्छतागृह?"

"नाही."

"एकमजली इमारत, स्वच्छतागृह नाही," त्यांनी लिहिलं आणि माझ्याकडे नापसंतीनं पाहिलं. "वाढवल्यावर उंची किती?"

"पन्नास फूट एक इंच."

"पन्नासच्या वर गेलं की टोकाला लाल दिवा लागतो. विमानांसाठी."

"दिव्याची उंची धरायची का?"

"दिवा धरला तर उंची बदलते, उंची बदलली की नवा फॉर्म." हे ऐकून मी सुखावले, कारण एवढ्या दिवसांत माझ्यासारखा विचार करणारं कोणीतरी भेटलं होतं. मग त्यांनी एक जाड वही उघडली. "पण हे सगळं राहू द्या. हे पन्नास वर्षांहून जुनं आहे. वारसा यादीत आहे. मूळ आकार बदलता येणार नाही. दुरुस्ती करता येईल."

"दुरुस्ती करताना सहा इंच वाढलं तर?"

"मग ती दुरुस्ती नाही, सुधारणा झाली. सुधारणेला मनाई आहे."

ही बातमी मी कोवाल्क्यांना सांगितली तेव्हा त्यांचा गोळा तयार झालेला होता. तो त्यांनी फाटकाच्या खांबावर बसवला. आता आमच्या गल्लीतलं ते सर्वात उंच फाटक आहे, पण त्याला पाटी मिळत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नगरसभेत विषय आला. आमच्या सभेत नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात आणि समोर हिरवा, पिवळा, लाल असे दिवे असतात. कोवाल्के चौथऱ्यावर बोलले. दिवा लाल झाला तरी बोलत राहिले आणि मग दिव्याची माफी मागण्यात आणखी एक मिनिट गेलं. टोलेफसनबाई उठल्या, "माझं काही नाही," म्हणाल्या आणि बसल्या. उरलेली पावणेतीन मिनिटं हिरवा दिवा तसाच जळत राहिला. त्याच्याकडे बघवेना.

मग अध्यक्षांनी मला उभं केलं. अध्यक्ष उंचीनं अंमळ कमी आहेत. हे मला माहीत होतं, पण त्या वेळी आठवलं नाही.

"मिस सँडविक, शास्त्र काय सांगतं? चौथरा धरता येईल का?"

"सर," मी म्हणाले, "तुम्ही स्टुलावर उभे राहिलात म्हणून तुमची उंची वाढते का?"

मागच्या रांगेतल्या कुणाचा तरी डबा उघडल्याचा आवाज आला. अध्यक्षांनी पाण्याचा एक घोट घेतला. "वेगळंच उदाहरण आहे," ते म्हणाले.

त्यानंतर ठराव आला. केटल बेंडच्या लोकांशी भांडणं बरं दिसणार नाही, अ‍ॅपल पाय खाऊन आलोय आपण त्यांचा. तेव्हा त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवावं, पहिला क्रमांक मोठ्या मनानं त्यांना द्यावा आणि आपल्या पाटीवर 'जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं' असं लिहावं. ठराव एकमतानं मंजूर झाला. विरोधात मत द्यायचं तर हात वर करावा लागला असता, आणि सगळे बघतात.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. उंची: एकोणपन्नास फूट सात इंच. दुसरी वस्तू: केटल बेंड, पन्नास फूट. क्रमांक: दुसरा. खाली सही, सुवाच्य. गॉर्डननी विचारलं, "नक्की ना?" मी म्हणाले, "अर्ध्या इंचापर्यंत नक्की." सगळं गाव माझ्यावर हॉटडिश घेऊन उलटलं होतं, पण माझा फॉर्म खरा होता. आमच्या राज्यात असा पहिलाच असेल. मी लिफाफा स्वतः पेटीत टाकला.

टोलेफसनबाईंनी खोकी आणली. त्या रोज थोडी कार्डं बांधत होत्या. मी संध्याकाळी मदतीला जायचे. त्या मला प्रत्येक वेळी एक लाकडी फावडं भेट द्यायच्या, आणि ते नाकारण्यात आमचा बराच वेळ जायचा.

"तुझ्यावर राग नाही हं माझा," एकदा त्या म्हणाल्या.

"मला माहीत आहे, बाई."

"तू खरं तेच लिहिलंस."

"हो."

"हॉटडिश आणलंय तुझ्यासाठी. गाडीत आहे."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आर्लोंचा फोन आला. आधी हवा झाली. मग झाडांचे रंग झाले, यंदा मेपल जरा लवकर तांबडे झाले वगैरे. मग ते म्हणाले, "तुमचं पत्र आलं. फार वाईट वाटलं आम्हाला. इतक्या लांबून तुम्ही आलात आणि आमच्याकडून हे असं झालं."

"नाही हो, तसं काही नाही."

"तर, ते... आमच्या फावड्याच्या टोकाला जरा गंज चढला होता. तेवढा काढून टाकला आम्ही."

मी पेन्सिल उचलली. "गंज म्हणजे, घासून?"

"कापून."

"किती कापलंत?"

"फार नाही."

"आर्लो, किती?"

"सात इंच," आर्लो म्हणाले. "गंज जरा खोल होता. मग आता आम्ही दुसरेच झालो ना, म्हणून आमच्या राज्याकडे तसा अर्जही करून टाकला. 'दुसऱ्या क्रमांकाचं' लिहा म्हटलं. तेवढं बरं दिसेल, म्हणाले सगळे. तुम्ही निर्धास्त राहा, पहिले तुम्हीच."

एकोणपन्नास फूट पाच इंच. आमचं एकोणपन्नास फूट सात. म्हणजे आता आमचंच फावडं मोठं होतं. तब्बल दोन इंचांनी, आणि माझी चूक फक्त अर्ध्या इंचाची. मी घाईघाईनं राज्याच्या पाट्यांच्या कचेरीला फोन केला. बत्तीस मिनिटं फोनवरचं संगीत ऐकल्यावर एक माणूस भेटला.

"फॉर्ममध्ये चूक आहे?" त्यानं विचारलं.

"पाठवला तेव्हा नव्हती. नंतर झाली."

"मापात चूक?"

"माप बरोबर आहे. क्रमांक चुकला."

"पाटी तयार झालीय, ताई. उद्या सकाळी बसतेय. बदल नूतनीकरणाच्या वेळी."

"म्हणजे कधी?"

"दहा वर्षांनी. आत्ता हवा असेल तर अपील आहे. त्यात तुम्हाला शपथेवर लिहून द्यावं लागेल, की पहिली सही तुम्ही न तपासता केली."

"पण मी तपासून केली!"

"मग अपील बसत नाही," तो म्हणाला, आणि दिवस चांगला जावो अशी शुभेच्छा दिली.

पाटी बसली. त्याच आठवड्यात केटल बेंडचीही बसली. आता जगात दुसऱ्या क्रमांकाची फावडी दोन आहेत आणि पहिल्या क्रमांकाचं एकही नाही. ही अवस्था मला झोपू देत नव्हती. मी टोलेफसनबाईंकडे निघाले, त्यांचं शेवटचं खोकं बांधायला.

फावड्याखाली बारा गाड्या उभ्या होत्या. तांबडी झाडं बघायला निघालेली माणसं त्या दिवसांत महामार्गावर असतातच, पण वळून आत कोणी येत नसे. आता टपरीपुढे रांग होती: 'दुसऱ्या क्रमांकाचं' वाचून पहिलं कुठं आहे, हे विचारायला सगळे वळत होते. टोलेफसनबाईंनी खोकी फोडून कार्डं बाहेर काढली होती आणि त्या एका बाईला म्हणत होत्या, "पहिलं ना? ते केटल बेंडला. जाच तुम्ही. फार चांगली माणसं आहेत. आर्लोला सांगा डॅग्नीनं पाठवलं."

"बाई," मी त्यांच्या कानाशी लागले, "पहिलं केटल बेंडला नाही. आता आपलंच पहिलं आहे."

"असं आपणच आपल्याला म्हणायचं का?" त्यांनी मला दटावलं. "कप भर."

मी कप भरायला लागले. तासाभरानं एक रुंद काठाच्या टोपीचा, मोठ्या आवाजाचा गृहस्थ गाडीतून उतरला. टेक्सासचा होता, हे आवाजावरून महामार्गापर्यंत कळलं असेल.

"काल मी इथं आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, पहिलं तिकडे. एकशे चाळीस मैल गेलो. तिथला म्हातारा म्हणतो, छे छे, पहिलं हॅल्वरला. वर अ‍ॅपल पाय खायला घातला. एकशे चाळीस मैल परत आलो. आता मला सरळ सांगा, बाई. पहिलं आहे कुठं?"

"मला काय कळतंय त्यातलं?" टोलेफसनबाई म्हणाल्या. "ही शिकलेली आहे. हिनंच मोजलंय. हिला विचारा."

सगळी रांग माझ्याकडे वळली. टेक्सासवाला, त्याची बायको, तीन पोरं, आणि शेजारी कोवाल्के, जे मदतीला म्हणून आले होते आणि प्रत्येकाला चौथऱ्याविषयी सांगत होते. मी टोलेफसनबाईंकडे पाहिलं. सकाळी कॅरनला फोन करून त्या काय म्हणाल्या, ते कोवाल्क्यांनी मला आल्याआल्या सांगितलं होतं: या हिवाळ्यात जमायचं नाही, इथं गर्दी आहे.

"पाटी वाचलीत ना तुम्ही?" मी टेक्सासवाल्याला म्हणाले.

"वाचली. दुसऱ्या क्रमांकाचं."

"मग तसंच आहे," मी म्हणाले. "ते मी स्वतः मोजून, सहीनिशी लिहून दिलंय."

त्यानं एकदा फावड्याच्या टोकाकडे पाहिलं. मग त्यानं सहा लाकडी फावडी घेतली, आणि केटल बेंडला पुन्हा जायचा सगळ्यात जवळचा रस्ता विचारला.

मी आयुष्यात एकच क्रमांक अधिकृतपणे प्रमाणित केला. तो महामार्गावर पांढऱ्या, चकाकणाऱ्या अक्षरांत लिहिला आहे, म्हणजे पावसात, धुक्यात किंवा घाईत असलेल्या माणसाच्याही नजरेतून सुटू नये. तो चूक आहे, आणि दहा वर्षं तिथंच राहणार आहे. गॉर्डन म्हणतात, आमच्या कचेरीला इतकं यश याआधी कधी मिळालं नव्हतं.